सहावी कुंडी

आमच्या छापखान्यात शेवटचे वाचन माझे असते. पुस्तक कोणाचेही असो, लेखक केवढाही मोठा असो, त्याने दोन प्रुफे पाहून सही केली की त्याचा अधिकार संपतो. तिसरे प्रूफ माझ्या टेबलावर येते. मी हिरव्या शाईने शेवटची दुरुस्ती करून खाली तारीख घातली की त्या पानांना मग कोणीही बोट लावायचे नाही, लेखकाने तर नाहीच नाही. हा नियम आमच्या ह्यांनी घातला. एका कादंबरीकाराने छपाईच्या दिवसापर्यंत नायिकेचे नाव चार वेळा बदलले आणि शेवटी ती बिचारी एका नावाने लग्न करून दुसऱ्याच नावाने वारली, तेव्हापासूनचा हा नियम आहे. हे जाऊन एकोणीस वर्षे झाली. नियम आहे आणि मी आहे.

शेहेचाळीस वर्षांत आमच्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र चिकटवावे लागलेले नाही. ज्यांना ही बढाई वाटते त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीतले काचेचे कपाट उघडेच असते. आजवर पुष्कळ जण मोठ्या उत्साहाने त्या कपाटापाशी गेले आणि जरा वेळाने चहा पिऊन घरी गेले.

यंदा ग्रंथालयाच्या वाचकमंडळाने आपल्या सभासदांच्या बारा कथांचे पुस्तक आमच्याकडे छापायला दिले. त्यांतली अकरावी कथा चष्मेवालीची. रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ही बाई चाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची आणि हळू बोलणारी. माझ्या नाकावरचा चष्माही तिनेच बसवलेला. सारा रस्ता तिला चष्मेवाली म्हणतो आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणते. मात्र छापखान्याच्या दाराच्या आत लेखक वयाने कितीही लहान असला तरी त्याला अहो-जाहो करायचे, असा आमचा शिरस्ता आहे.

हस्तलिखित द्यायला ती स्वतः आली. दोन्ही हातांनी धरून तिने ते टेबलावर ठेवले, पण सोडले मात्र नाही.

"बाई, शक्य झालं तर यात काही बदलू नका हं."

"शुद्धलेखनाच्या चुकाही ठेवू म्हणता?"

"त्या काढा. पण बाकी जसं आहे तसं."

"किती दिवस लिहिताय?"

"चार वर्षं."

"चार वर्षांत किती कथा झाल्या?"

"ही एकच."

मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. ती हसली आणि म्हणाली, "भाऊ म्हणतो, दुकानात दिवसभर लोकांना अ ब क वाचायला लावतेस, तेवढं साहित्य पुरे झालं. रविवारी प्रकाशनाला त्याला बोलावलंय. मला वाचायला सांगितलंय ना, तो समोरच बसेल. एकदा त्यानं शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच आहे माझं."

मी तिच्या हातातून हस्तलिखित सोडवून घेतले आणि काळजी करू नका म्हणून सांगितले. 'काही बदलू नका' हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. जे लेखक स्वतःचे लिखाण पुन्हा वाचून पाहत नाहीत, ते हमखास हेच सांगतात, असा माझा अनुभव. दुसऱ्या प्रुफावरही तिने नुसते 'बदल नाहीत' असे लिहून सही केली, तेव्हा माझी खात्रीच पटली.

गुरुवारी सकाळी मी तिचे तिसरे प्रूफ वाचायला घेतले आणि पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या कपाळावर आठ्या चढल्या. कथेचे नाव होते 'शेजाऱ्याची झाडे'. एक गृहस्थ स्वतःच सारे सांगतो आहे. त्याचे शेजारी आठ दिवसांसाठी गावाला गेले आहेत, जाताना घराची किल्ली त्याच्या हातात देऊन गेले आहेत, आणि हा रोज जाऊन त्यांच्या पाच कुंड्यांना पाणी घालतो आहे. मोगरा, तुळस, गुलाब, कोरफड आणि निवडुंग. विषय सात्त्विक होता. भाषाही स्वच्छ होती. पण लेखिकेचे अवधान म्हणून कशावर नाही! आठ दिवसांसाठी गेलेल्या शेजाऱ्याच्या घरात चौथ्या पानावर भिंतीवरच्या कॅलेंडरचे पाचवे पान उलटते. हातात दिलेली किल्ली दोन पानांनी एका किल्लीवाल्याकडे नवी करून घेतलेली निघते. शेजाऱ्याचे दर आठवड्याला पत्र येते म्हणावे, तर पुढे हाच गृहस्थ सांगतो की शेजाऱ्याला लिहिता-वाचता येत नसे, त्याचे कागद मीच त्याला वाचून दाखवी. आमचे कधी भांडण झाले नाही, असे एकदा सोडून तीनदा सांगितले आहे, आणि शेवटच्या पानावर 'त्या भांडणानंतर' अशी सरळ सुरुवात. शेजाऱ्याच्या खुर्चीवर हा कधी बसला नाही म्हणतो, आणि मग त्याच खुर्चीला त्याच्या पाठीचा आकार आलेला असतो. शेजाऱ्याकडे जायला एकदा जिना चढतो, एकदा उतरतो. आणि पाच कुंड्यांच्या शेवटी झाल्या सहा.

सात विसंगती! वीस पानांच्या कथेत सात! माझी शाई वाळायला उसंत मिळेना.

पण मी नुसती खाडाखोड करणारी बाई नव्हे. मी प्रत्येक ठिकाणी कथेला शोभेल अशीच दुरुस्ती केली. आठ दिवस सगळीकडे आठच दिवस राहिले आणि कॅलेंडर जागच्या जागी थांबले. किल्लीवाल्याला मी कथेतून रजा दिली. शेजाऱ्याला साक्षर केले. भांडणाऐवजी 'त्या भेटीनंतर' घातले. शेवटच्या पानावर 'सहावीला फार पाणी लागत नाही' असे वाक्य होते, तिथे 'पाचवीला' केले, आणि पाचवा निवडुंग असल्यामुळे ते वाक्य वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही चोख झाले. हे मला स्वतःलाच इतके आवडले की मी प्रूफ हातावेगळे करण्यापूर्वी ते पान पुन्हा एकदा वाचले. गोंधळलेल्या कागदांतून मी शेजारधर्मावरची एक नीटनेटकी, घरातल्या कोणीही वाचावी अशी कथा उभी केली होती.

पाने संगणकावर लावण्याचे काम माझ्या सुनेकडे आहे. तिने प्रूफ पाहिले आणि तिचा हात थांबला.

"आई, एवढ्या दुरुस्त्या? एकदा त्यांना विचारायचं का? समोरच तर आहेत. मी हाक मारते."

"तिसऱ्या वाचनानंतर लेखकाला विचारायचं नसतं."

"पण आई, त्यांनी 'बदल नाहीत' असं लिहिलंय."

"म्हणूनच तर मी आहे."

सून वीस वर्षे आमच्याकडे आहे. 'बरं' हा एक शब्द ती चौदा प्रकारे म्हणते. त्यातला जो प्रकार तिने त्या दिवशी वापरला तो मला मुळीच आवडला नाही. पण तिने दुरुस्त्या घातल्या. शुक्रवारी सकाळी छपाईच्या प्लेटा झाल्या. दुपारी जेवणानंतर शेवटचा फर्मा, म्हणजे अकराव्या-बाराव्या कथेच्या पानांचा मोठा ताव, मशीनवर चढायचा आणि शनिवारी बांधणी व्हायची, असे ठरले होते.

शुक्रवारी दुपारी मी पुढच्या पुस्तकाचे प्रूफ घेऊन बसले असता आमची चिमणी माडीवरून खाली आली. चिमणी म्हणजे माझी नात, वय वर्षे सतरा. सुट्टीत तिला काम म्हणून बारा लेखकांची हस्तलिखिते बारा पाकिटांत घालून वर नावे लिहायला सांगितली होती. हातात एक हस्तलिखित घट्ट धरलेले होते आणि तोंड पांढरे पडले होते.

"आजी, माझ्याबरोबर वर चल ना."

"कशाला?"

"पाकिटं कागदाच्या खोलीत आहेत. मी एकटी नाही जाणार तिथं."

"दिवसाढवळ्या? उंदीर दिसला का?"

"उंदीर नाही गं. ही गोष्ट वाचली मी. मला आता कुठल्या बंद दाराकडं बघवत नाहीये."

मी हस्तलिखित पाहिले आणि मनापासून हसले. "अगं वेडे, ही तर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माणसाची गोष्ट! घाबरण्यासारखं काय आहे तिच्यात? निवडुंग?"

"आजी, तू खरंच वाचलीस?"

हा प्रश्न मला या इमारतीत आजवर कोणी विचारलेला नव्हता. मी कपाटातून माझे तिसरे प्रूफ काढले, तिला समोर बसवले आणि म्हटले, "वाच. मी केलेलं वाच आणि सांग कुठं भीती वाटते ते."

तिने वाचले. दहा मिनिटांत संपवले, पाने उलटीपालटी केली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी कोणाचा तरी खून पचवला आहे.

"आजी, हे काय केलंस तू?"

"सात चुका काढल्या."

"चुका नाहीत त्या! तो माणूस खोटं बोलतोय!"

"कोण माणूस?"

"सांगणारा! गोष्ट सांगणारा माणूस! तो खोटं बोलतोय, आणि मधूनमधून त्याच्या तोंडून खरं निसटतंय. तू जिथं जिथं खरं निसटलंय तेवढं बरोब्बर पुसलंयस!"

"कथा सांगणाऱ्यानं खोटं बोलायचं म्हणजे काय? मग वाचणाऱ्यानं विश्वास कोणावर ठेवायचा?"

"तीच तर भीती आहे ना आजी!"

मी तिला समजावू लागले. "हे बघ, लेखकांचं लक्ष नसतं. लिहिताना पाच, पुढं गेल्यावर सहा. असं नेहमी होतं. माझं आयुष्य गेलंय त्यात."

"आजी, त्या चष्म्याचे नंबर काढतात. पाव नंबरचा फरक त्यांना कळतो. त्या पाच आणि सहात चुकतील?"

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा नाकावर ठेवला.

"मग सहावी कुंडी त्यानं विकत आणली असेल."

"असेल. पण पहिल्या पाचांत काय काय लावलंय ते सगळं सांगितलंय त्यानं. मोगरा, तुळस, सगळं. सहावीत काय लावलंय?"

मी हस्तलिखिताची शेवटची दोन पाने चाळली. 'सहावी' हा शब्द फक्त शेवटच्या वाक्यात होता, पण त्याच्या आधी आलेली 'मोठी कुंडी' तीच असणार. ती वर आणायला दोन हमाल लागले होते. माती मात्र त्याने स्वतः भरली होती, 'कारण अशी कामे दुसऱ्यावर सोपवता येत नाहीत'. तिच्यात काय लावले होते, ते कुठेही लिहिलेले नव्हते.

"आणि शेजारी कुठंय आजी?" चिमणीने हळूच विचारले.

"गावाला."

"कोण म्हणालं?"

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मी तिसऱ्या प्रुफावरून हस्तलिखिताकडे हात नेला, तोच चिमणीने माझ्या बोटांतले पेन काढून घेतले. "असं नाही. पेन खाली ठेवून वाच. नुसती वाच. पहिल्यापासून."

आजीच्या हातातले पेन काढून घेणे हा आमच्या घरात मोठा अपराध आहे. त्याचा निवाडा पुढे कधीतरी करायचा असे ठरवून मी वाचू लागले. एक गोष्ट मला तेव्हाच ध्यानात आली. शेहेचाळीस वर्षांत मी हजारो कथा डोळ्यांखालून घातल्या, पण हात मोकळा ठेवून अशी एकही वाचली नव्हती. माझ्या डोळ्यांना काना, मात्रा, वेलांटी आणि तारखा दिसत आल्या. माणसे त्या ओळींतून ये-जा करीत असावीत, पण मी त्यांच्याकडे मान वर करून पाहिले नव्हते.

पहिल्या पानावर तो गृहस्थ मला भला वाटला. तिसऱ्या पानावरही वाटला, पण आता तो 'आमचे कधी भांडण झाले नाही' असे दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मनात आले की, अरे, तुला विचारले कोणी होते? कॅलेंडरचे पाचवे पान उलटले तेव्हा मी पाय खुर्चीवर ओढून घेतले. किल्लीवाला त्याला विचारतो, "घर तुमचंच ना?" आणि हा म्हणतो की मी हसलो, कारण प्रश्नच हसण्यासारखा होता. या माणसाला मी काल कथेतून रजा दिली होती! पुढे पत्रे आली. ती पत्रे कोण लिहीत होते, हे माझ्या ध्यानात आले आणि मी हस्तलिखित डोळ्यांपासून जरा लांब धरले. शेवटी तो त्या खुर्चीत बसतो आणि सहावीला फार पाणी लागत नाही, एवढे अगदी शांतपणे सांगून कथा संपवतो.

मी चष्मा काढला. बाहेर चांगले ऊन होते.

"कशी आहे?" चिमणीने विचारले.

"हलकट आहे मेला," मी म्हटले. "गोष्ट उत्तम आहे."

चिमणी टाळ्या पिटणार इतक्यात मागच्या खोलीतून खडखडाट सुरू झाला. जमीन हलू लागली आणि टेबलावरच्या टाचण्या थरथरू लागल्या. माझ्या मुलाने शेवटचा फर्मा मशीनवर चढवला होता.

त्या क्षणी माझ्या मनात काय काय आले ते लिहिते, कारण लपवण्यासारखे त्यात काही नाही. प्रथम शुद्धिपत्राचा विचार आला. मग ते डोळ्यांपुढे उभे राहिले, 'शेवटचे पान, पाचवीऐवजी सहावी वाचावे. भेटीऐवजी भांडण वाचावे. शेजारी निरक्षर समजावा'. असे शुद्धिपत्र पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवणे म्हणजे दारातच गुन्हेगाराचे नाव सांगून पाहुण्यांना आत घेणे. नंतर मनात आले की, गप्प बसावे. माझे बिंग फोडण्याची त्या बाईची छाती नाही. ती माझा मान ठेवील. पण मग डोळ्यांपुढे रविवारचे सभागृह आले. ती उभी राहील, पुस्तक उघडील, भाऊ समोर बसलेला असेल, आणि चार वर्षे जपलेली आपली कथा मोठ्याने वाचता वाचता तिला ओळीओळीला कळत जाईल की तिच्या हातात भलतेच काही आहे. आणि भाऊ म्हणेल, यापेक्षा अ ब क बरे होते.

मी उठले. सून दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते, पण चौदांपैकी एकही 'बरं' ती म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली.

मशीनच्या खोलीत मी सहसा जात नाही. मुलाने मला पाहिले आणि ओरडून विचारले, "काय झालं आई? कागद अडकला का?"

"मशीन बंद कर. मी चुकले."

"काय?"

"मी चुकले!"

त्याला ऐकू आले असावे, पण विश्वास बसला नसावा. त्याने बटण दाबले. चाके मंदावत मंदावत थांबली, खोली शांत झाली, आणि त्या शांततेत तो पुन्हा म्हणाला, "काय म्हणालीस?"

"तिसऱ्यांदा सांगणार नाही," मी म्हटले. "पहिल्या दोन वेळा सगळ्यांनी ऐकलंय."

छापलेले ताव त्याने हाताने चाळले. एकच बाजू छापून झाली होती. "पाठकोरे आहेत. चिमणीला कच्च्या वह्या होतील. पण आई, आता पुढं काय करायचं? तुझं शेवटचं वाचन झालेलं आहे. नियमच आहे ना तो?"

"नियम आहे. म्हणूनच तो मोडायला मी स्वतः आले. समोर जा आणि चष्मेवाल्या बाईंना बोलावून आण. म्हणावं, गिऱ्हाईक असेल तर त्याला दोन्ही डोळे मिटून बसायला सांगा, पण या."

तिला बोलावण्याचे एक कारण होते. आता माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता. सातही जागा मी मूळच्यासारख्या करून टाकल्या असत्या, पण त्यांतली एखादी खरोखरच चूक असली तर? खोटे बोलणाऱ्या माणसाच्या कथेत खरी चूक ओळखायची कशी, हे मला ह्यांनी शिकवले नव्हते, कारण त्यांनाही ते ठाऊक नसावे.

ती धावत आली. गळ्यात अजून दोरीला बांधलेले तपासणीचे भिंग लोंबत होते. मी तिला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवले आणि तिसरे प्रूफ तिच्यापुढे ठेवले. काही न सांगता ठेवले. पहिले हिरवे अक्षर पाहून तिचा चेहरा उतरला, दुसरे पाहून ओठ हलले, आणि 'त्या भेटीनंतर' या ठिकाणी पोहोचली तेव्हा डोळे भरून आले.

"छापून झालं का?" तिने विचारले. आवाज इतका लहान होता की चिमणीला पुढे वाकावे लागले.

"नाही. मशीन बंद केलंय. मी केलं. बाई, मी तुमच्या माणसाला फसले. त्यानं सांगितलं ते मी खरं मानलं आणि जिथं त्याची जीभ घसरली तिथं त्याला सावरून घेतलं. त्याला माझ्यासारखी साथीदार मिळाली असती तर तो कधीच पकडला गेला नसता."

 ती एकाएकी रडता रडता हसायला लागली. "म्हणजे तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात? अगदी शेवटपर्यंत?"

"अगदी शेवटपर्यंत. शिवाय निवडुंगाच्या पाण्याची काळजीही घेतली."

"बाई, मला चार वर्षं हीच भीती वाटत होती की तो पहिल्याच पानावर उघडा पडेल," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या नजरेचं माणूस फसलं तर..."

"तेवढ्यावरून फुशारून जाऊ नका. कामाला लागा. सात जागा आहेत. एकेक सांगा, मुद्दाम की चुकून?"

कॅलेंडर मुद्दाम. किल्लीवाला मुद्दाम, आणि त्याला परत आणल्याबद्दल तिने माझे आभारही मानले. पत्रे मुद्दाम, भांडण मुद्दाम. खुर्चीपाशी ती म्हणाली की ती ओळ लिहिताना तिला स्वतःलाच दुकानातली खुर्ची नकोशी झाली होती. कुंडीबद्दल कोणी विचारलेच नाही. राहिली एकच जागा. शेजाऱ्याकडे जाताना तो दुसऱ्या पानावर जिना चढतो आणि दहाव्या पानावर उतरतो.

"हे तर मोठं सूचक असणार," चिमणी म्हणाली. "खाली म्हणजे तळघर, म्हणजे त्याच्या मनात जे..."

चष्मेवालीने दोन्ही पाने पाहिली. तिचे कान लाल झाले. "नाही गं. ही चूकच आहे. मधल्या काळात आम्ही घर बदललं. आधी मी खालच्या मजल्यावर राहत होते, मग वरच्या. तेव्हा..."

"चूक आहे? निव्वळ चूक?"

"निव्वळ."

माझा जीव भांड्यात पडला. मी चिमणीच्या हातातून माझे पेन परत घेतले आणि 'उतरलो' खोडून आदल्या दिवशी लिहिलेला 'चढलो' इतक्या समाधानाने पुन्हा गिरवला की सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाकीच्या सहा दुरुस्त्यांखाली मी एकेक ठिपक्यांची ओळ काढली आणि समासात 'असू द्या' असे लिहिले. खोडलेले पुन्हा जिवंत करायचे झाले की आम्ही असेच लिहितो. दुसऱ्यांच्या खाडाखोडीवर मी ते अनेकदा लिहिले आहे. स्वतःच्या अक्षरावर लिहिण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती. ती तिथे बसून होती, म्हणून थांबले नाही. संध्याकाळपर्यंत नव्या प्लेटा झाल्या, रात्री फर्मा छापून निघाला आणि शनिवारी बांधणीची माणसे जेवायलाही उठली नाहीत.

रविवारी ग्रंथालयाचे सभागृह चांगले भरले होते. मी पहिल्या रांगेत बसले होते, कारण मी मागे बसत नाही. चष्मेवालीने हळू आवाजात सुरुवात केली. तिच्या भावाने हाताची घडी घालून पाय पसरले होते. चौथ्या पानाला त्याने पाय जवळ घेतले. पत्रांपाशी सभागृहातले खोकणे थांबले. शेवटचे वाक्य वाचून ती बसली तेव्हा तो मागे वळून आपल्या पाठीशी कोण बसले आहे ते पाहत होता. मग त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सर्वांत शेवटी थांबवल्या.

तेवढ्यात मागून एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. हे गृहस्थ प्रत्येक नव्या पुस्तकातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने टिपून भरसभेत जाहीर करतात. गावातल्या साऱ्या छापखान्यांना त्यांनी हा प्रसाद दिला आहे, आम्हांला सोडून.

"कथा छान आहे," ते म्हणाले. "शेजारी असावा तर असा. पण छापखान्याकडून एक चूक राहिली, हे खेदानं सांगावं लागतं." खेद त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हता. "सुरुवातीला कुंड्या पाच आहेत आणि शेवटी सहा. तिसरं वाचन कोणाचं होतं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चिमणीने माझे कोपर धरले. व्यासपीठावर चष्मेवालीने तोंड उघडले. ती आता मला वाचवायला सगळे सांगून टाकणार, हे मला स्पष्ट दिसले. आणि सांगितले की ज्यांना अजून उमगले नव्हते त्यांच्यासाठी ती कथा तिथेच संपणार, हेही दिसले. मी हात वर करून तिला गप्प केले आणि उभी राहिले.

"तिसरं वाचन माझं होतं. तुम्हांला चूक वाटत असेल तर लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतले. माझे नाव आणि तारीख घालून, दोनदा अधोरेखित करून. मी ताठ मानेने खाली बसले. ते सोपे होते असे मी म्हणणार नाही.

"बाई, तुम्ही सांगितलं का नाही?" नंतर चहाच्या वेळी चष्मेवालीने विचारले. तिचा भाऊ शेजारीच उभा राहून तिच्या पुस्तकाच्या चार प्रती छातीशी धरून होता.

"काय सांगायचं? गुरुजींनी पुस्तक घेतलंय. घरी पुन्हा वाचतील."

मंगळवारी सकाळी छापखाना उघडतो न उघडतो तोच दूरध्वनी वाजला.

"बाई, मी मुख्याध्यापक बोलतोय. ती कथा मी काल पुन्हा वाचली. परवाही वाचली होती. तो शेजारी गावाला गेलाच नव्हता ना?"

"मला विचारू नका. मी फक्त छापते."

"आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, शेजारी असावा तर असा!"

"गुरुजी, तुम्ही नुसतं म्हणालात. मी शुक्रवारी तसं छापायलाही घेतलं होतं."

 मग ते हसू लागले. त्यांना हसता येते हे मला आजवर माहीत नव्हते. बराच वेळ हसून झाल्यावर ते म्हणाले, "मी माझ्या वहीतली ती नोंद खोडतो, बाई."

"खोडा. आणि पुढच्या ग्रंथालयाच्या सभेत तुम्ही ती खोडल्याचं सांगा. कारण सांगायची गरज नाही."

"सांगतो. आणखी एक विचारायचं होतं." त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ महिनाभर दिसले नाहीत. त्यांचे शेजारी म्हणतात, मुलीकडे गेलेत. गॅलरीतल्या कुंड्यांना रोज पाणी घातलेलं दिसतं. मी सहज जाऊन चौकशी करू का?"

"करा ना," मी म्हटले. "पण एकटे जाऊ नका."